ग्रहण सप्टेंबरचं, ओठ एप्रिलचा

वाचकांचे प्रश्न

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत काम करते. पीएचडी होऊन तीन वर्षं झाली. कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणाचा चेहरा कसा घडतो, हा माझा विषय. मागच्या अंकात या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली सात इथं घेतली आहेत. पहिलं पत्र वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून ते सगळ्यात आधी, आणि त्याला जागाही जास्त.

प्रश्न : डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या सुनेला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरलेले, वजनही चांगलं. पण वरचा ओठ डाव्या बाजूनं फाटलेला आहे. सप्टेंबरात ग्रहण होतं तेव्हा वेध लागल्यावर सुनेनं भाजी चिरली होती. मी नको म्हणत होते, पण शेतावर माणसं जेवायची होती. आता येणारं-जाणारं सगळं तिलाच बोलतं. मीही बोलले. ती रडत बसते आणि पोरीला जवळ घेत नाही. ग्रहणानं खरंच असं होतं का? मला खरं काय ते सांगा.
(एक आजी, तासगाव तालुका)

उत्तर : मावशी, नाही. हे ग्रहणानं झालेलं नाही, भाजी चिरल्यानं झालेलं नाही, आणि तुमच्या सुनेच्या हातून काहीही चुकलेलं नाही. आधी उठून तिला एवढं सांगून या, मग पुढचं वाचा.

आता हिशेब मांडू. नात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिवस भरून झाली, म्हणजे गर्भ राहिला तो मार्चच्या मध्याला. बाळाचा वरचा ओठ जुळतो तो गर्भ राहिल्यापासून सहाव्या-सातव्या आठवड्यात. म्हणजे एप्रिलची अखेर, फार तर मेचे पहिले दिवस. चंद्रग्रहण झालं ७ सप्टेंबर २०२५ ला, भाद्रपद पौर्णिमेला. त्या रात्री सुनेला सातवा महिना चालू होता. ओठाचं जे व्हायचं ते होऊन तोवर चार महिने उलटले होते. आणि एप्रिल-मे महिन्यांत ग्रहण नव्हतंच, जगात कुठेही नव्हतं. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि जो कोणी बोलेल त्याच्या पुढ्यात ठेवून महिने मोजायला सांगा.

ओठ ‘जुळतो’ असं मी म्हणते, कारण तो मुळात अखंड नसतोच. चौथ्या आठवड्यात बाळाला चेहरा नसतो. तोंडाच्या जागी एक खळगा आणि त्याच्याभोवती पाच उंचवटे, एवढंच असतं. वर मधोमध एक, गालांच्या बाजूला दोन, खाली हनुवटीकडे दोन. हे उंचवटे वाढत वाढत एकमेकांकडे सरकतात. खालचे दोन लवकर एकत्र येतात. वरच्या ओठाचं काम नाजूक, कारण नाकपुड्यांच्या मधून उतरणारे भाग आणि दोन्ही गालांकडून येणारे भाग यांना वेळेवर एका जागी यावं लागतं, एकमेकांना टेकावं लागतं, आणि टेकलेल्या जागेची कातडी विरून आतलं मांस एक व्हावं लागतं. हे सगळं चालू असतं तेव्हा अख्खं बाळ राजम्याच्या दाण्याएवढं असतं.

नाकाखाली ओठावर जी छोटी पन्हाळ असते ना, तिच्या कडांवरून बोट फिरवून बघा. साधारण तिथंच तुमचे भाग जुळले होते, माझेही, सुनेचेही. नातीच्या बाबतीत डावीकडचा एक सांधा राहून गेला. ओठ फाटण्याचे प्रकार उजवीपेक्षा डावीकडे जास्त होतात. साधारणपणे हजार जन्मांमागे एखाद्या बाळाला हे होतं, जगातल्या सगळ्या लोकांत होतं, आणि ज्यांना ग्रहणाचे नियम ठाऊकही नाहीत त्यांच्याकडेही होतं.

मग का झालं? बहुतेक वेळा एकच एक कारण सापडत नाही. आई-वडील दोघांकडून आलेल्या जनुकांचा वाटा असतो. तंबाखू आणि विडी-सिगारेट, आटोक्यात नसलेली साखर, फिटची काही औषधं यांमुळे धोका वाढतो हे माहीत आहे. सुनेला यातलं काही असेल तर पुढच्या खेपेच्या आधी डॉक्टरांशी बोला. नसेल तर कारण शोधत बसू नका. तो वेळ नातीला द्या.

तिच्यासाठी करायचं ते असं. तोंडात टॉर्च मारून डॉक्टरांकडून टाळू तपासून घ्या. टाळू म्हणजे इथं तोंडातलं छत, डोक्यावरची मऊ जागा नव्हे. मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे दवाखान्यात गोंधळ होतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. नुसता ओठ फाटलेला असेल तर बाळ बहुतेक वेळा अंगावर पिऊ शकतं. टाळूही फाटलेली असेल तर ओढायला जमत नाही. मग दूध काढून वाटी-चमच्यानं, बाळाला उभट धरून पाजायचं. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांची असताना होते, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे दोन्ही येतं. तुमच्या आशाताईंना विचारा, त्या जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवतील.

आणि मावशी, ‘मीही बोलले’ हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत. ते सुनेसमोरही म्हणा. नातीला तुम्ही मांडीवर घ्या, म्हणजे तीही घेईल.

प्रश्न : आमच्याकडे बाई नोंदणीला येते तोवर दुसरा-तिसरा महिना लागलेला असतो. फोलिक ॲसिडची गोळी तेव्हा सुरू होते. इतक्या उशिरा तिचा उपयोग काय? आणि नव्यानं लग्न झालेल्या मुलीला गोळी द्यायला गेलं की सासू विचारते, आमच्या सुनेला काय रोग आहे का?
(एक आशाताई, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : ताई, तुम्ही नेमक्या जागेवर बोट ठेवलंत.

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात बाळाच्या पाठीवर पेशींचा एक सपाट पट्टा असतो. करंजीची पुरी पोळपाटावर असते तसा. मग त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळतात. त्यातून जी नळी तयार होते तिचा वरचा भाग मेंदू होतो आणि खालचा पाठीतला मज्जारज्जू. जुळण्याची सुरुवात मानेच्या जागी होते आणि तिथून ती वर डोक्याकडे आणि खाली कमरेकडे जाते. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत सगळं मिटलेलं असतं. एखादी जागा उघडी राहिली तर ती पुढे आपोआप मिटत नाही. खाली राहिली तर बाळाच्या पाठीवर फुगा येतो, पायांतली ताकद जाते. वर राहिली तर कवटीच होत नाही, आणि ते बाळ जगत नाही.

आता बाईच्या बाजूनं बघा. पाळी चुकते तेव्हा गर्भाचे चौदाएक दिवस झालेले असतात. आठवडा ती वाट बघते, ‘होते कधी मागे-पुढे’ म्हणते. मग कुणाला तरी सांगते. तपासणी होते तोवर तीन-चार आठवडे गेलेले असतात. दवाखान्यात महिने शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे कार्डावर ‘सहा आठवडे’ लिहिलेलं असतं तेव्हा बाळ खरं तर चार आठवड्यांचं असतं आणि नळी मिटलेली असते. म्हणून गोळी आधी हवी. गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने होईपर्यंत, रोज ४०० मायक्रोग्रॅम. ॲनिमिया मुक्त भारतच्या सूचनांमध्येही गर्भधारणेच्या आधीपासून एवढीच मात्रा सांगितलेली आहे. आधीचं एखादं बाळ असं झालं असेल तर मात्रा बरीच जास्त लागते, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. १९९१ मध्ये सात देशांतल्या ३३ केंद्रांवर १,८१७ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांना आधी असं एक बाळ होऊन गेलेलं होतं. फोलिक ॲसिड घेतलेल्या बायकांमध्ये पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. इतकी साधी गोळी आणि इतका मोठा फरक, असं वैद्यकात फार थोड्या वेळा घडतं.

उशिरा आलेल्या बाईला ‘आता काय उपयोग’ असं मात्र म्हणू नका. वाढणाऱ्या बाळाला आणि तिच्या स्वतःच्या रक्ताला फोलिक ॲसिड लागतंच. लोहाची आणि ही गोळी तिनं घेत राहायचं.

सासूला काय सांगायचं? मी माझ्या मावशीचं सांगते. मी लहान असताना तिचं पहिलं बाळ गेलं. डोक्याची कवटी नव्हती. सुइणीनं फडक्यात गुंडाळून तिला न दाखवताच नेलं. पुढे वर्षानुवर्षं तिनं ऐकलं की ती तिन्हीसांजेला स्मशानावरून आली होती, म्हणून तसं झालं. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. सरांनी फळ्यावर ही नळी काढली आणि खाली २८ हा आकडा लिहिला. तास संपल्यावर मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून मावशीला फोन लावला. ती गोठ्यात होती, धारेचा आवाज येत होता. मी सांगत गेले. धारेचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, “म्हणजे मला दिवस राहिलेत हे मला कळायच्या आधीच?” मी हो म्हटलं. “हे मला कुणीच सांगितलं नाही गं.” एवढंच बोलली.

ताई, सासूला म्हणा, ही गोळी रोगाची नाही. आपण पेरणीच्या आधी रान तयार करतो, उगवून आल्यावर नांगर घालत नाही. नंदुरबारच्या सासूला हे पटेल. तिनं स्वतः पेरलेलं असतं.

प्रश्न : दुकानातलं अंडं उबवलं तर पिल्लू येईल का? आणि अंडं फोडल्यावर पांढरा धागा दिसतो ते पिल्लू असतं का? आई तो काढून टाकते.
(इयत्ता आठवी, देवरुख)

उत्तर : धागा म्हणजे पिल्लू नाही. तो पिवळ्या बलकाला धरून ठेवणारा दोर आहे. बलकाच्या दोन बाजूंना दोन असतात, पिळलेले, झोपाळ्याच्या दोऱ्यांसारखे. त्यांच्यामुळे बलक अंड्याच्या मधोमध राहतो. ताज्या अंड्यात ते जास्त ठळक दिसतात. आईला सांग, काढायची गरज नाही, तो पांढऱ्याचाच भाग आहे.

पिल्लाची जागा वेगळी. पुढच्या वेळी अंडं वाटीत फोडलंस की बलकावर एक फिकट ठिपका शोध, तीन-चार मिलिमीटरचा. दिसला नाही तर बलक हलकेच फिरव, तो बहुतेक वेळा वर येतो. दुकानातल्या अंड्यात हा ठिपका भरीव आणि वेडावाकडा असतो. ती अंडी कोंबड्याशिवाय ठेवलेल्या कोंबड्यांची असतात, त्यातून पिल्लू येणार नाही. गावरान, कोंबडा असलेल्या खुराड्यातलं अंडं असेल तर ठिपक्यात गोल कडं दिसतं, मध्ये पारदर्शक. ते अंडं घालायच्या आधीच कोंबडीच्या पोटात दिवसभर वाढलेलं असतं. तुझ्या वाटीत येतं तेव्हा त्या कड्यात हजारो पेशी असतात. गार झाल्यावर त्या थांबून राहतात. कोंबडी खुडूक होऊन बसली, ऊब मिळाली, की पुन्हा सुरू. एकवीस दिवसांनी पिल्लू.

माझी आजी सातव्या दिवशी रात्री एकेक अंडं चिमणीच्या उजेडापुढे धरायची. ज्यात लाल जाळी दिसायची ते परत कोंबडीखाली, जे नुसतं पिवळं दिसायचं ते बाजूला. ती जाळी रक्तवाहिन्यांची. तिच्या मधोमध काळा ठिपका हलायचा, तो डोळा. माझं शिक्षण तिथं सुरू झालं. घरी कोंबडी बसवली असेल तर तू टॉर्चनं बघ. मिनिटाच्या आत अंडं परत ठेव, हात धू, आणि काय दिसलं ते मला चित्र काढून पाठव.

प्रश्न : गर्भोपनिषदात भ्रूणाची वाढ महिन्यानुसार सांगितली आहे. एका रात्रीत कलिल, सात रात्रींत बुद्बुद, पंधरवड्यात पिंड. मग आधुनिक भ्रूणशास्त्रानं नवीन काय केलं?
(निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई)

उत्तर : सर, तुम्ही क्रम बरोबर दिला आहे. हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मलाही आनंद झाला होता. ज्यांच्याकडे भिंग नव्हतं त्यांनी आईच्या पोटात काय चाललंय हे टप्प्याटप्प्यानं मांडायचा प्रयत्न केला, याचा आनंद. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं कोंबडीची अंडी एकेका दिवसाच्या अंतरानं फोडून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी धडधडणारा रक्ताचा ठिपका नोंदवला. दोन्हीकडची जिज्ञासा सारखीच.

पण मजकूर पुढे वाचला तर काही जुळतं आणि काही जुळत नाही. दोन महिन्यांनी डोकं येतं असं तिथं म्हटलंय. प्रत्यक्षात चौथ्या आठवड्यात डोक्याचाच भाग सगळ्यात मोठा दिसतो. पित्याचं रेत जास्त झालं तर मुलगा, मातेचं जास्त झालं तर मुलगी, असंही तिथं आहे. तेही जुळत नाही. आज आपल्याला माहीत आहे की स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असतं. शुक्राणूकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. वाय गुणसूत्रावरचं नेमकं जनुक १९९० मध्ये सापडलं. गर्भ राहतो त्या क्षणी हे ठरलेलं असतं. दुसऱ्या महिन्यात दिलेल्या कुठल्याही पुडीनं किंवा काढ्यानं ते बदलत नाही, उलट बाळाला अपाय होऊ शकतो. मुली झाल्या म्हणून आजही बाईला बोल लावला जातो. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं केला, तोही याच मातीत ही गोष्ट रुजलेली होती म्हणून. उपनिषदाचा आदर ठेवून मी म्हणेन की या एका मुद्द्यावर आपण शाळेत ठणकावून बोललं पाहिजे, आणि तुमच्यासारख्या शिक्षकांचा शब्द माझ्यापेक्षा जास्त वजनाचा आहे.

नवीन काय, हे विचारलंत. ‘केव्हा काय दिसतं’ याच्या पुढे जाऊन ‘हे आलं कुठून’ हा प्रश्न आता विचारता येतो. निकोल ल दुआरँ या फ्रेंच संशोधिकेनं १९६९ मध्ये एक युक्ती काढली. लावा पक्ष्याच्या पेशींचं केंद्रक रंग दिल्यावर कोंबडीच्या पेशींपेक्षा वेगळं दिसतं. तिनं लाव्याच्या भ्रूणातला पाठीवरचा लहानसा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात तंतोतंत त्याच जागी बसवला आणि पुढे त्या पेशी कुठं कुठं पोचल्या ते शोधलं. नळी मिटते त्या कडेवरून निघालेल्या पेशी लांब लांब चालत जातात. काही जबड्याची हाडं होतात, काही आतड्यांच्या नसा, काही कातडीचा रंग. अशा कोंबडीच्या पांढऱ्या पिल्लांच्या पंखांवर लाव्याच्या काळ्या पिसांचा पट्टा उगवला होता. मी याच पेशींवर काम करते. दीड दिवसाच्या भ्रूणात, सूक्ष्मदर्शकाखाली, त्या डोक्याकडून चेहऱ्याकडे निघतात तेव्हा पसरून जात नाहीत, ओळीनं जातात. एक दिंडी जबड्याकडे, एक त्याच्या खालच्या, मानेकडच्या भागाकडे, मध्ये मोकळी जागा. तासगावच्या आजींच्या नातीचा ओठ ज्या उंचवट्यांचा, त्यांत याच पेशी भरलेल्या असतात.

प्रश्न : प्रयोगासाठी भ्रूण मारताना तुम्हाला काही वाटत नाही का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : वाटतं. म्हणून मी प्रत्येक अंड्याची नोंद ठेवते. तारीख, वेळ, काय केलं, काय कळलं.

कसं करते ते सांगते. अंडी ३८ अंशांवर आडवी ठेवायची. दीड-दोन दिवसांनी सुईनं थोडा पांढरा द्रव काढला की बलक खाली बसतो आणि वरच्या कवचाला छोटी खिडकी कापता येते. भ्रूण पारदर्शक, दिसतच नाही. त्याच्याखाली काळ्या शाईचा एक थेंब सोडला की एकदम उमटतो : मधोमध नळी, तिच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारख्या चौकोनी गाठी. दर दीड तासाला गाठींची एक नवी जोडी तयार होते. गाठी मोजल्या की भ्रूणाचं वय कळतं. दुसऱ्या दिवशी हृदय हलायला लागलेलं असतं. तीन-चार दिवसांच्या आत माझं काम संपतं. त्या वयात वेदना जाणवेल अशी मज्जासंस्था घडलेली नसते.

मागच्या मे महिन्यात रात्री वीज गेली, पर्यायी व्यवस्था चालली नाही आणि ४८ अंडी गार पडली. त्या अंड्यांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. त्यांच्यापासून कुणालाच काही कळलं नाही.

माणसाच्या भ्रूणावर मी काम करत नाही. जे करतात त्यांच्यासाठी आपल्या देशात मर्यादा आहे : प्रयोगशाळेत चौदा दिवसांच्या पुढे वाढवायचा नाही. त्या सुमारास भ्रूणावर पहिली रेघ उमटते आणि डोकं कुठं, पाठ कुठं हे ठरायला लागतं. तोवर एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात. मला ही मर्यादा योग्य वाटते.

प्रश्न : शोधनिबंध इंग्रजीत लिहिले तरच पुढे नोकरी मिळते. या वयात शाळांमधून बोलणं, मराठीत लिहिणं यात वेळ का घालवता?
(एक प्राध्यापक, अहिल्यानगर)

उत्तर : सर, हे मला जवळच्या माणसांनीही सांगितलं आहे, आणि काळजीपोटी सांगितलं आहे. महिन्यातले दोन रविवार जातात हे खरं.

वर आशाताईंना मी करंजीचं उदाहरण दिलं. ते माझं नाही. खानापूर तालुक्यात आमच्या गावाजवळ बचत गटाच्या बायकांपुढे मी बोलायला गेले होते. पाठ्यपुस्तकातला ‘तंत्रिका नलिका’ हा शब्द वापरून पंधरा मिनिटं बोलले. कुणी काही विचारेना. मग मी कागद घेतला, दोन्ही कडा उचलून दाखवल्या. मागे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, “म्हणजे करंजीवाणी!” सगळ्या सरसावून बसल्या. आणि लगेच त्यांचाच दुसरा प्रश्न : “पण मग कडा दाबतं कोण?”

सर, हा प्रश्न माझ्या विषयातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत आजही चालू आहे. बाहेरून दाबणारं कुणी नसतं. पट्ट्यातल्या पेशी आपलं वरचं तोंड आवळून घेतात, नाडीची पिशवी आवळावी तशा. वरून अरुंद आणि खालून रुंद झाल्या की अख्खा पट्टा वाकतो. पण कोणत्या पेशीनं केव्हा आवळायचं, शेजारणीनं किती ताण सोसायचा, हे पूर्ण उलगडलेलं नाही. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. मी ते तसंच वहीत लिहून घेतलं, आणि माझ्या पुढच्या प्रकल्पाच्या अर्जातलं पहिलं वाक्य त्यावरून तयार झालं. ते इंग्रजीत आहे, पण सुचलं तिथं.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. डॉक्टर नको, संशोधन करायचं म्हणते. आम्ही शेतकरी. यात पोट भरतं का?
(एका मुलीचे वडील, बार्शी)

उत्तर : भरतं दादा, पण उशिरा स्थिर होतं. ते आधीच माहीत असलेलं बरं.

बारावीनंतर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा आहे, तिथं पाच वर्षांत पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही होतं. किंवा जवळच्या महाविद्यालयात बीएस्सी करून मग एमएस्सी. मी दुसऱ्या वाटेनं आले. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा उत्तीर्ण झाली तर पीएचडीला शिष्यवृत्ती मिळते : २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, आणि घरभाडं वेगळं. फी भरण्याऐवजी आपल्याला पैसे मिळतात, हे माझ्या वडिलांना बरेच दिवस खरं वाटत नव्हतं. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. पुढे माझ्यासारखं काम करताना ५८,००० पासून सुरुवात होते, पण ते वर्ष-दोन वर्षांच्या मुदतीचं असतं. पैसे कधी कधी महिनोन्‌महिने अडकतात. तेव्हा घरचा आधार लागतो. कायमची जागा मिळेपर्यंत पस्तिशी येऊ शकते. मधल्या काळात ‘लग्न कधी’ हे तुम्हाला गावात रोज विचारलं जाईल. तिला नव्हे, तुम्हाला. त्याची तयारी तुमची हवी.

मुलींसाठी हा रस्ता नवा नाही. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात लीला मुल्हेरकर यांनी फार पूर्वी कोंबडीच्या भ्रूणावर काम केलं, विद्यार्थी घडवले.

ठरवण्याआधी तिला एकदा प्रयोगशाळा दाखवा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पुण्यातल्या बऱ्याच संस्था सगळ्यांना आत सोडतात, नारायणगावजवळ खोडदला मोठ्या रेडिओ दुर्बिणींपाशीही प्रदर्शन असतं. सकाळच्या एसटीनं निघालात तर दिवसभरात बरंच बघून होईल. आमच्याकडे आलात तर येताना तिला कोरी वही आणि पेन्सिल आणायला सांगा. शाईवर उमटलेला दोन दिवसांचा भ्रूण मी दाखवते, आणि फोनवर फोटो काढू देण्याआधी प्रत्येकाला तो हातानं काढायला लावते.